पुष्पाबाईच्या बहिणीचं माहेरपण

पुष्पाबाईची धाकटी बहीण उज्ज्वला कितीतरी वर्षांनी सुरतेला आली, पण बहिणीसाठी नव्हे. तापीकाठच्या एका बंद गिरणीत तीन दिवसांचा कला महोत्सव भरला होता, त्यासाठी आली. महोत्सवापायी शहरातली हॉटेलं गच्च भरली, तेव्हा कुठे पुण्याच्या बाईसाहेबांना आठवलं की याच शहरात, लिंबायतला, आपली सख्खी बहीण राहते.

पुष्पाबाईला हे कळत नव्हतं असं नाही. ती काही दूधखुळी नव्हती. नवरा हेमराज पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, राबायचा आणि ही घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. दोघांनी मिळून संसार वर काढला होता. कोण कशासाठी दारात आलंय, हे तिला उंबऱ्यात चपला काढेपर्यंत कळे. पण आई गेल्यापासून अमळनेरकडच्या घराला कुलूप होतं. आई नसली की थोरलीचं घर हेच धाकटीचं माहेर. पोटभर जेवू घालायचं, ओटी भरायची आणि मगच पाठवणी करायची. उज्ज्वला हे माहेर मानते की नाही, एवढंच पुष्पाबाईला बघायचं होतं.

म्हणून तिने मांडे करायचे ठरवले. मांडे म्हणजे चेष्टा नव्हे. गच्चीवर तीन विटा मांडून चूल पेटवली, त्यावर मातीचं खापर पालथं घातलं, आणि पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवली. धुराने डोळे लाल झाले. शेजारच्या छायाने विचारलं, "कोन येई राहिनं व एवढं?" तर हिने तोऱ्यात सांगितलं, "मन्ही बहीन."

बहीण आली ती जेवूनच. महोत्सवात म्हणे कुठल्या तरी खास माणसाने खास मातीच्या थाळीत खास बाजरीची भाकरी दिली होती. आकार तळहाताएवढा.

"उज्जा, एक तर खाई ल्हे. गरम शे," पुष्पाबाई म्हणाली.

"ताई, आता अगदी नको गं. उद्या नक्की."

पुण्याला गेल्यापासून उज्ज्वला बहिणीशीही अहिराणी बोलत नसे. तिचा नवरा महेश बिचारा एक मांडा खाऊन "ऑसम" म्हणाला. बाकीचे हेमराजने संपवले. तो गडी मांड्यांना कधी नाही म्हणणारा नव्हता.

खालच्या खोल्यांत यंत्रमाग चालायचे, ते रात्रीही थांबत नसत. सकाळी उज्ज्वला डोकं धरून बसली. "ताई, या आवाजात तुम्ही झोपता कसे? माणूस वेडा होईल!" कानातले बोळे काढून तिने कचऱ्यात टाकले आणि पुन्हा महोत्सव गाठला. तो दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी महेश एकटाच आला, बॅगा उचलल्या आणि म्हणाला, "ती तिकडूनच स्टेशनला येईल. शेवटचं एक प्रदर्शन राहिलंय."

पुष्पाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक माहेराहून रिकाम्या ओटीने जाते? तिने खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी पिशवीत भरलं, कुंकवाची डबी कमरेला खोचली आणि महेशच्याच रिक्षात चढून बसली.

गिरणीच्या शेडमध्ये एक खोली उभी केली होती आणि कुणी आत जाऊ नये म्हणून पुढे आडवी दोरी लावली होती. खाट, स्टोव्ह, ॲल्युमिनियमचा डबा, तारेवर वाळत घातलेला गंजीफ्रॉक. बाहेर इंग्रजीत पाटी. महेशने अर्थ सांगितला, "कामगाराचं घर." दोरीपाशी कानाला मोठाले हेडफोन लावून उज्ज्वला उभी होती. डोळे मिटलेले, गालावर पाणी. पुष्पाबाईने तिच्या कानावरचा हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावला. आत मागांचा खडखडाट. तोच, घरातला.

"ताई? तू इथे कशी?"

"ओटी भराले उनू. बठ."

ओटी काही उभ्याने भरत नाहीत. पुष्पाबाईने आजूबाजूला बघितलं. बसायला फक्त ती खाट होती. तिने दोरी उचलली, बहिणीला मनगटाला धरून आत नेलं आणि पूर्वेकडे तोंड करून खाटेवर बसवलं. उज्ज्वलाच्या कुडत्याला पदर कुठला! महोत्सवाची कापडी पिशवी मांडीवर उघडी धरवली. कुंकू लावलं, खण-नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले. बघता बघता दोरीपलीकडे गर्दी जमली. मोबाइल वर झाले. प्रदर्शनातलाच खेळ सुरू झाला असं सगळ्यांना वाटलं.

भरल्या ओटीतले पाच दाणे लेक परत देते. म्हणजे माहेर रितं होत नाही आणि येणं-जाणं राहतं. पुष्पाबाईने हात पुढे केला.

तेवढ्यात कॅमेरावाल्या एका पोरीने उज्ज्वलाला विचारलं, "आप भी आर्टिस्ट हैं?"

उज्ज्वलाने गर्दीकडे बघितलं, बहिणीच्या विरलेल्या साडीकडे बघितलं आणि हसली. "नहीं नहीं, मैं तो देखने आई हूँ. इन्होंने ही हाथ पकड़कर बिठा दिया."

पुष्पाबाईचा हात तसाच पुढे राहिला. एका सुटाबुटातल्या गृहस्थाचं मन भरून आलं. दोरीवरून वाकून त्याने त्या हातावर शंभराची नोट ठेवली.

पुष्पाबाईने नोटेकडे बघितलं. मग तिची नीट घडी घातली आणि उज्ज्वलाच्या मांडीवर, नारळाच्या शेजारी ठेवली.

"ल्हे," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "ओटीवर पैसा ठेवाना राही गया व्हता. मन्ही आईनी लेक शेस तू. खाली हात कशी धाडू?"

गर्दीतल्या एकालाही अहिराणी कळली नाही. टाळ्यांचा मात्र कडकडाट झाला. पुष्पाबाई दोरीखालून बाहेर पडली आणि मागे न बघता चालू लागली. उज्ज्वलाला शब्द न् शब्द कळला होता.