यवतमाळचं मैदान आणि एक मोडलेला उपास

या ब्लॉगवर आजवर मी जे प्रवास लिहिले ते देवळांचे. मोटारसायकलला किक मारायची, टेकडीवरचं एखादं महादेवाचं ठाणं गाठायचं, दोन फोटो काढायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी. या वेळचा प्रवास तसा नव्हता. राळेगावहून यवतमाळ, एसटीनं जेमतेम दीड तास. पण तिथं पोचल्यावर मी एका मैदानाभोवती इतका फिरलो की चपलेचा अंगठा तुटला.

बायकोच्या, शोभाच्या, गर्भपिशवीत गाठ होती. ऑपरेशन आम्ही पुढं ढकलत आलो होतो. आधी सोयाबीन काढायचं होतं, मग भाचीचं लग्न, मग कापूस. माझी गावात पिठाची चक्की आहे, तीही बंद ठेवता येत नाही, असं मी म्हणत राहिलो. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, अंगातलं रक्त उतरत चाललंय, आता थांबू नका.

सोमवारी सकाळी निघालो. शोभाचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. "पाहा, सरकारनं मले अर्धी केली," ती म्हणाली. "डॉक्टर अजून थोडी कमी करन." मला हसू आलं नाही. दोन्हीकडं शेतं पांढरी झाली होती, वेचणीवाल्या बायकांच्या ओट्या फुगल्या होत्या. मी फक्त घड्याळ पाहत होतो.

कळंबला बस दहा मिनिटं थांबली. चिंतामणीचं देऊळ स्टँडवरून दिसत नाही, पण त्या दिशेला तोंड करून मी हात जोडले आणि मनात बोललो: ही ऑपरेशनमधून बाहेर येऊन माझ्याशी बोलेपर्यंत अन्नाचा कण घेणार नाही, फक्त पाणी. घाईत सकाळी खाल्लं नव्हतंच, म्हणजे उपास आदल्या रात्रीपासून सुरू झालेला. नवस फिटेपर्यंत कुणाला सांगायचा नाही, अशी आमच्या घरची रीत आहे. शोभालाही सांगितलं नाही.

यवतमाळ स्टँडवर उतरून ऑटोवाल्याला नुसतं 'मैदान' म्हणा, तो बरोबर आणून सोडतो. सीट भरेपर्यंत थांबलात तर वीस रुपयांत. मधोमध कडुलिंबांनी वेढलेलं मोकळं मैदान आहे. उत्तरेला रुग्णालय आणि नर्सिंगचं कॉलेज, समोर वाचनालय आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, एका कोपऱ्यात छोटं नाट्यगृह, त्याला लागून गाण्याचा वर्ग. इथं हातात एक्स-रे घेतलेली माणसं आणि हातात तंबोरा घेतलेल्या मुली एकाच टपरीवर चहा पितात. पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा आहे. आधार कार्ड दाखवलं की खोली मिळते, गादी मात्र पातळ. वाचनालयाच्या मागं एका मावशीची खानावळ आहे. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. पहिल्या दिवशी मी तिथला फक्त वासच घेतला.

शोभाला खाट मिळाली, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. बाराच्या सुमाराला तिनं घरून आणलेला डबा उघडला. "जेवता ना?"

"मी बाहेर खाल्लं."

"काय खाल्लं?"

"पोहे."

बायकोशी खोटं बोललो, तेही नवसात.

मग डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मी रक्तपेढीत गेलो. खिडकीपलीकडं चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. "बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या लिहिल्यात. सध्या एकच आहे. दुसरी असल्याशिवाय सर ऑपरेशनला हात लावणार नाहीत. तुमचा गट?"

"तोच."

"मग झालं की! वजन चांगलं आहे तुमचं. बसा. जेवलात कधी?"

"उपास हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "उपाशी माणसाचं रक्त मी घेत नाही. चक्कर येते. जेवा, तासभर थांबा, मग या. पण सहाच्या आत. रात्रीतून तपासणी झाली तरच सकाळी पिशवी वर जाईल. नाहीतर ऑपरेशन पुढं."

"पुढं म्हंजे?"

"सरांची पुढची तारीख मिळेल तेव्हा."

बाहेर आलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. मैदानाला पहिली चक्कर तेव्हा मारली.

साळ्याला फोन केला. तो मुकुटबनला, कापसाच्या गाडीवर. "उद्या सकाळी येतो भाऊजी." उद्याचा उपयोग नव्हता. दुसरी चक्कर. गाण्याच्या वर्गाच्या पायरीवर बसलो. आत मुली एकच सूर पुन्हापुन्हा लावत होत्या, आणि मास्तर दर वेळी म्हणत होते, "अजून खाली आहे." तेवढंही ऐकवेना. उठलो. टपरीवर कुणीतरी सांगितलं, वरच्या अभ्यासिकेत जा, तिथल्या पोरांनी रक्तगटांची यादीच लावली आहे. दवाखान्यातून कुणीही येतं, पोरं उतरतात. या भागाची ही रीतच आहे म्हणे.

जिना चढलो. दाराशी खरंच फळा होता, नाव आणि गट. खाली पुस्तकात डोकं घातलेली एक पोरगी बसली होती. तिनं माझं ऐकून लगेच दोन फोन लावले.

"एक जण गावाला गेलाय काका. दुसरीनं मागच्या महिन्यात दिलंय, तिचं चालणार नाही. तिसरी आहे, पण तिचा उद्या पेपर आहे. बोलावू का?" आणि मग तिनं विचारलं, "पण तुमचा गट कोणता?"

"बी पॉझिटिव्ह."

"मग तुम्हाला काय झालं?"

"उपास हाय. बायकोसाठीच."

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. "म्हणजे तुमचा उपास मोडू नये म्हणून मी पेपरवालीला उठवू?" आवाज चढवला नव्हता तिनं. दोन-तीन डोकी वर झाली. मी "राहू द्या" म्हणून जिना उतरलो.

मला राग आला, तिचाही आणि माझाही. पण त्याहून मोठी होती भीती. दिलेला शब्द मोडला आणि शोभाला काही झालं तर? आणि न मोडता तारीख पुढं गेली, आणि मग काही झालं तर? मी शिकलेला माणूस नाही असं नाही. गावच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलो, रोज पेपर वाचतो. पण त्या दुपारी देव मला कळंबहून घड्याळ लावून बसल्यासारखा वाटत होता. पाचवी चक्कर, सहावी. तिथंच चपलेचा अंगठा तुटला. पाय ओढत वॉर्डात गेलो तेव्हा साडेतीन झाले होते.

शोभानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. "पोहे खाल्ले म्हंता, अन् ओठ काहून सुकले? खरं सांगा, काय करून राह्यले तुमी?"

सांगितलं. रीत मोडून सगळं सांगितलं. नवस, पिशवी, सहा वाजता बंद होणारी खिडकी.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी कान देऊन ऐकत होती. मग शोभानं विचारलं, "नवस कोनासाठी केला?"

"तुह्यासाठी."

"मले इचारलं होतं?"

"नाई."

"मंग माह्या नावाचा नवस माहा झाला. मी मोडून राह्यली." तिनं डबा ओढला, उरलेली भाकर तोडली, चटणी लावून घास माझ्या तोंडासमोर धरला. "देवाले सांगा, बायकोनं मोडला. काय म्हनाचं ते मले म्हनन तो. उद्या मी तशीही टेबलावर आडवी असन, सापडन त्याले."

म्हातारी फिसकन हसली. "खाय ना बापा, तिचा हात दुखन!"

खाल्ला. दुसरा घास मी हातानं घेतला. पाच वाजता रक्तपेढीच्या खाटेवर आडवा पडलो. चष्म्यावाल्या बाईंनी सुई लावताना विचारलं, "काय जेवलात?"

"भाकर."

"चांगलं केलंत," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. साळा आला होता, त्याला बाकावर बसवून मी पुन्हा मैदानात. पोटभर खाऊन चालत होतो आणि तरी आदल्या दिवसापेक्षा जास्त अस्वस्थ होतो. उपासात निदान काहीतरी करतोय असं वाटत होतं. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. सकाळच्या उन्हात कडुलिंबाची पानं पडत होती, नाट्यगृहात कुणीतरी एकच वाक्य तीन तऱ्हांनी म्हणून पाहत होतं.

दीडच्या सुमाराला तिला बाहेर आणलं. डोळे अर्धे उघडे. मी वाकलो. ती पुटपुटली, "जेवले का?"

एकच पिशवी लागली. माझी दुसऱ्या दिवशी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली, असं रक्तपेढीच्या बाईंनी सांगितलं. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्यानंतर तिथं असेपर्यंत त्या वॉर्डासमोरून जाताना मी उगाच हळू चालायचो.

सहाव्या दिवशी परत निघालो. कळंबला उतरलो. चिंतामणीला खाली पायऱ्या उतरून जावं लागतं, शोभाला ते मना होतं. ती वर ओट्यावर बसली, मी एकटा उतरलो. बसमध्ये चढल्यापासून ठरवून ठेवलेलं सगळं तिथं विसरलो. फक्त म्हणालो, "तिनं मोडला, मी खाल्ला." आणि उभा राहिलो.

वर आलो तर शोभा म्हणाली, "काय म्हनला देव?"

"काईच नाई."

"मंग चला. बस चुकन."

घरी येऊन चक्की सुरू केली. शोभा आता बरी आहे, पण माझं मनातलं ते फिरणं पुरतं थांबलेलं नाही. कधी दळणाच्या आवाजातही त्या दुपारचे पावणेदोन आठवतात. रक्त दर तीन महिन्यांनी देता येतं. ते तीन महिने भरले तेव्हा मी पुन्हा राळेगावहून बस धरली, अभ्यासिकेचा जिना चढलो आणि त्या पोरीला म्हटलं, फळ्यावर माझं नाव लिही. तिनं ओळखलं. खडू घेत म्हणाली, "काका, आज वार कोणता? उपास नाही ना?"

नव्हता. निघताना शोभानं दोन भाकरी बांधल्या होत्या, आणि तिसरी मी दारात उभा राहून तिच्यासमोर संपवेपर्यंत तिनं पिशवी माझ्या हातात दिली नव्हती.