डाव्या हाताला हळद

फोन आला तेव्हा आम्ही शिजलेली हळद खळ्यावर पसरत होतो. रविवार होता, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी, म्हणून मी सकाळीच जवळा बाजारहून कुरुंद्याला नानांकडे आले होते. फोनवरचा माणूस अनोळखी होता. मला समजावं म्हणून तो इंग्रजी अगदी सावकाश बोलत होता, आणि त्या सावकाशपणानंच मला काय ते आधी कळलं. उत्तमची गाडी बर्फावर घसरली होती. दवाखान्यात नेईपर्यंत तो राहिला नव्हता. खळ्याच्या दुसऱ्या टोकाला नाना वाकून हळकुंडं हातानं सारखी करत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "कोनाचा हाय?" मी म्हणाले, "उत्तमच्या तिकडून." ते मान वर न करता म्हणाले, "मंग सांग त्याला, हळद औंदा बरी निघाली..." नंतर मीच त्यांना सांगितलं. कोणत्या शब्दांत सांगितलं ते मात्र आज आठवत नाही, आणि आठवू नये असंच वाटतं.

उत्तम माझा चुलत भाऊ, नानांचा एकुलता एक मुलगा. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून आई आणि मी नानांच्याच घरी राहिलो. मी त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून त्याची अक्का. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. माणसं भेटायला येतात आणि 'तो तिकडं क्रिकेट खेळायचा म्हणे' असं म्हणतात. त्या 'म्हणे'चा मला राग येतो. तो खेळायचा, आणि ते खेळणं याच खळ्यावर सुरू झालं होतं. खरं सांगायचं तर मला क्रिकेट आवडत नाही. पाच दिवस खेळून कुणीच जिंकत नाही, असा खेळ माणसं कशासाठी बघतात हे मला आजही कळलेलं नाही. पण उत्तमची पहिली अंपायर मीच होते, तेव्हा लिहिण्याचा हक्क मला आहे.

नव्वद सालानंतरची ती पहिली दोन-चार वर्षं. घरामागचं खळं शेणानं सारवून कडक झालेलं असायचं. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं तीन रेघा ओढल्या की स्टंप तयार. त्या भिंतीपुढे बॅट घेऊन उभं राहिलं की उजवीकडे पार कडुलिंबापर्यंत मोकळं रान आणि डाव्या हाताला वाळत घातलेली हळद. शेळ्या-कोंबड्यांपासून ती राखायला नानांनी मला काठी देऊन बसवलेलं असायचं. पोरांना अंपायर हवाच होता आणि मी तिथं बसलेलीच होते. पहिल्या दिवशी चेंडू हळदीत पडला, त्याच्यामागे सगळी टोळी हळदीत घुसली आणि मऊ हळकुंडांचा पार चेंदामेंदा झाला. नानांनी बॅट उचलली आणि पाणी तापवायच्या चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी पोरांनी नवी फळी आणली, तेव्हा मी नियम केला : हळदीत गेला की आऊट. आणि ज्यानं मारला त्यानंच, एकट्यानं, कडेकडेनं जाऊन चेंडू आणायचा. बाकीचे माझ्याशी भांडायचे, रुसून घरी जायचे, बाईमाणसाला काय कळतं म्हणायचे. उत्तम एकदाच तसा आऊट झाला. मी बोट वर केलं, त्यानं बॅट खाली ठेवली, चेंडू आणून दिला आणि लिंबाखाली जाऊन बसला. त्यानंतर त्याचा एकही चेंडू हळदीत गेला नाही. डाव्या बाजूला मारण्याजोगा चेंडू आला तरी शेवटच्या क्षणी त्याचं मनगट वळायचं आणि चेंडू जमिनीला धरून उजवीकडे लिंबापर्यंत पळायचा. मला त्यात विशेष असं काही वाटलं नाही. पोरगं सांगितलेलं ऐकतं, एवढंच वाटलं.

पुढे तो शिकायला नांदेडला गेला. तिथं वसतिगृहात कॅरम आणि अभ्यास, बॅट सुटली ती सुटलीच. मग पुण्यात नोकरी, आणि मोबाईल बनवणाऱ्या एका कंपनीनं त्याला थेट युरोपच्या उत्तरेला पाठवलं. त्या देशाचं नाव आमच्या काकूला, उत्तमच्या आईला, शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. ती त्याला बर्फाचा देश म्हणायची. काकू गेली, पण घरात तेच नाव राहिलं आहे, म्हणून मीही तेच लिहिते. तिथं वर्षातले चारच महिने मैदान दिसतं. शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर चटई अंथरून आपल्याकडची माणसं क्रिकेट खेळतात, हे त्याला गेल्यावर कळलं. इतक्या वर्षांनी त्यानं बॅट हातात घेतली, पहिल्याच सामन्यात एक चेंडू बॅटची कड घेऊन उंच उडाला आणि डाव्या बाजूला दोरीपार पडला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि हा बॅट काखेत मारून चालू लागला. लोकांना वाटलं पायात काही भरलं. "अक्का, मी आऊट झालो असंच वाटलं बघ मला," तो फोनवर हसत सांगत होता, "कप्तान पळत आला अन् म्हने, कुठं चालला बाबा, सिक्स हाय ती." मग तिथल्या मंडळींना त्यानं सगळी गोष्ट सांगितली : खळं, नाना, मी आणि माझी काठी. तेव्हापासून कुणी डावीकडे उंच मारला की ते ओरडायचे, हळद, हळद.

त्या देशाची क्रिकेटची टीम म्हणजे अगदी नवं रोप होतं. उत्तमला तिथं राहून पुरेशी वर्षं झाली, तसं त्याला त्या टीममध्ये घेतलं. मी गावात सांगितलं तर एसटी स्टँडवरच्या हॉटेलात माणसं हसली. "तिकडं बर्फात क्रिकेट असते का?" नानांचा प्रश्न वेगळा होता. एका सुट्टीत तो आला असताना त्यांनी विचारलं, "त्या देशाची लेकरं काहून खेळत न्हाईत?"

"त्याह्यला अजून येत न्हाई, नाना."

"मंग तू खेळून राहिला का शिकवून राहिला?"

"दोन्ही," उत्तम म्हणाला.

युरोपातले असेच लहान लहान देश उन्हाळ्यात एका गावी जमायचे आणि चार-पाच दिवसांत सगळी स्पर्धा उरकायची. आधी मोठे सामने असत, नंतर वीस-वीस षटकांचे आले. आमची टीम बहुतेक वेळा हरायची. मी 'आमची' म्हणाले खरी, ती सवय त्याचीच लागली. तो फोनवर सांगायचा, "अक्का, आमी परवा जिंकलो," आणि मी विचारायची, "आमी म्हंजे कोन रे?" एकदा तो म्हणाला, "आमी म्हंजे... कप्तान बेकरीत हाय, मूळचा लंकेचा. एक टॅक्सीवाला, दोन मास्तर, तिथलीच तीन-चार गोरी पोरं, अन् मी." त्या 'आमी'त त्याचा किती जीव अडकला होता ते मला पुढच्या वर्षी कळलं.

त्या वर्षी तो ऐन हळदीच्या हंगामात रजा काढून आला. नानांना आनंद झाला, मदतीला आला असंच त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात पाय ठेवते तोच तो म्हणाला, "अक्का, हुबी राह्य. अंपायर पायजे." मी म्हणाले, "मी मास्तरीण हाय आता. माझा काही मान ठेव." तो हसला नाही. वीस षटकांच्या खेळात जमिनीलगत मारणारा माणूस टीमला परवडत नाही, असं त्याला स्वच्छ सांगितलं होतं. समोरचे देश सगळे क्षेत्ररक्षक उजवीकडे लावायचे, कारण हा डावीकडे उचलून मारतच नाही हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पुढच्या स्पर्धेत आपला गट जिंकला तर टीम वरच्या गटात जाणार होती, आणि हात सुधारला नाही तर त्या टीममध्ये उत्तम नसणार होता. "नियम तू केला होता," तो म्हणाला, "तूच मोड."

मी मोडला. खळ्यावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून हळदीत गेला तरी आऊट न्हाई." पण हाताला कुठं कान असतात? त्याच्या जुन्या टोळीतला एक जण आता पिठाची गिरणी चालवतो, तो हौसेनं चेंडू टाकायला यायचा. डावीकडे मारण्याजोगे सोपे चेंडू तो टाकत होता आणि उत्तमचं मनगट वळून चेंडू पुन्हा लिंबाकडे जात होता. असे बरेच दिवस गेले. रजा संपत आली. मी म्हणाले, "पी हळद अन् हो गोरी, असं कुठं होते का रे?" तेव्हाही तो हसला नाही. जेवायचा नाही नीट. मला पहिल्यांदा त्याची काळजी वाटली. तिथं त्याचं घर होतं, नोकरी होती, पण त्याची माणसं म्हणजे ती टीमच होती... आणि ती जाणार होती.

नाना बाजेवर बसून हे सगळं पाहत होते. जन्मात त्यांनी क्रिकेटकडे लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय अडून राहिलं तुझं?" त्यानं सांगितलं. मी म्हणाले, "नाना, दोन दिवस हळद दुसरीकडं टाकू का? मोकळं दिसलं तर मारंल तो."

"उचलून काय फायदा?" नाना म्हणाले. "हळद असतानाच मारता आलं पायजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चपला काढल्या आणि ते वाळत्या हळदीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. ज्या माणसानं आम्हाला तिच्यात बोट घालू दिलं नाही, तो माणूस अनवाणी, धोतराचा सोगा खोचून, दोन्ही हात पुढे करून तिथं उभा होता. "हितं टाक," ते म्हणाले, "माझ्या हातात." उत्तम म्हणाला, "लागंल, नाना." नाना म्हणाले, "मार म्हनलं ना." गिरणीवाल्यानं चेंडू टाकला. उत्तमचं मनगट वळू लागलं आणि वळता वळता थांबलं. चेंडू वर गेला, नानांच्या डोक्यावरून, हळदीवरून, काट्याच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या शेतात. उत्तमनं बघितलं ते चेंडूकडे नाही, माझ्याकडे. इतक्या वर्षांनीही तो माझ्या बोटाची वाट बघत होता. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले, आणि डोळ्यांत पाणी आलं ते तसंच येऊ दिलं. नाना पायाला चिकटलेली हळद झाडत म्हणाले, "बराबर."

त्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला तेव्हा मागे इतका गलका होता की मला काही कळेना. शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या, समोरच्यांनी सवयीप्रमाणे सगळे उजवीकडे उभे केले होते. "अक्का, हळदीत मारला," तो ओरडत होता, "नानाला सांग, हळदीत मारला." टीम वरच्या गटात गेली. तिथं पुढच्या वर्षी सगळे सामने हरली, ती गोष्ट वेगळी. नानांना सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं, "चेंडू सापडला का?"

त्याला इकडे आणायला बरेच दिवस लागले. सगळे विधी उरकले, पाहुणे गेले, आणि मागच्या रविवारी त्या बेकरीवाल्या कप्तानाचा पुन्हा फोन आला; ती पहिली बातमीही त्यानंच कळवली होती. तो म्हणाला, बर्फ वितळलं, आम्ही काल चटई अंथरली. उत्तम नव्हता, पण कुणाला डावीकडे उभं करायचं असलं की आम्ही अजून 'हळदीत जा' असंच म्हणतो. आता नवी पोरं आली आहेत, तिथंच जन्मलेली. त्यांना हळद म्हणजे काय हे माहीत नाही. मैदानाच्या त्या बाजूला हळद म्हणतात, एवढंच त्यांना माहीत आहे.

मी खळ्यावर गेले. दव पडायच्या आत नाना हळद गोळा करून तिच्यावर ताडपत्री ओढत होते. यंदाची ही शेवटची रास. मी एक टोक धरलं आणि कप्तान काय म्हणाला ते सांगितलं. मग त्यांनी गोठ्याच्या भिंतीकडे बघितलं, तिथून हळदीकडे.

"तितंबी डाव्या हातालाच हाय का?"

"व्हय, नाना."

"अन् तितं गेला तर आऊट देतेत का?"

"न्हाई," मी म्हणाले, "सिक्स देतेत."

"बराबर," नाना म्हणाले, आणि ताडपत्रीच्या कडेवर त्यांनी दगड ठेवला.