चौकटीवरची तिरकी भोकं

एल्कान ब्लिट्स कुठल्याही घरात शिरण्याआधी दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवायचा. उजवी बाजू, खांद्याच्या उंचीवर. लोकांना वाटे, रंगारी माणूस, लाकूड ओलं की कोरडं ते बघत असेल. ते तर तो बघेच, पण त्याचा अंगठा शोधत असे ती दोन भोकं. एक वर, एक खाली, आणि वरचं जरा घराच्या आतल्या बाजूला कललेलं. आम्स्टरडॅमच्या जुन्या दारांवर आठ-दहा रंगांच्या पापुद्र्यांखाली ती अजून लागतात. कधीकाळी तिथे मेझुझा ठोकलेली असते. बोटभर लांबीची डबी, आत चर्मपत्राच्या सुरळीवर प्रार्थना. ज्यू घराची खूण. दुसऱ्या महायुद्धात घरातली माणसं एके दिवशी धरून नेली, डबी कुणीतरी उपटली, भोकं तेवढी राहिली.

त्याचे वडीलही रंगारीच. धंदा शिकवताना त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "सगळ्या भेगा बुजव. ही दोन भोकं बुजवायची नाहीत. वरून रंग दे, पुट्टी भरायची नाही."

"आणि गिऱ्हाईक ओरडलं तर?"

"ओरडू दे. घसा त्याचा आहे."

तेवीस वर्षं झाली, एल्कानने तो नियम मोडला नव्हता. त्यापायी दोन कामं हातची गेली होती. गेली तर गेली.

त्या हिवाळ्यात मात्र त्याला दुसऱ्यांची दारं सोडून स्वतःसाठी दार हवं होतं. त्याचा नवरा ब्राम शाळेत भूगोल शिकवायचा. ब्रामची बहीण मिर्याम या दोघांचं मूल पोटात वाढवत होती, आणि तिला सातवा लागला होता. दोघं राहत होते ती माळ्यावरची एकच खोली, शिडीसारखा जिना, आणि मालकाने महिनाअखेरीची मुदत दिलेली. घर तर हवंच होतं. पण ब्रामची आई सेल्मा हिच्या घराण्यात रीत अशी की मूल जन्माला येईपर्यंत त्याच्या नावाने सुईसुद्धा घरात आणायची नाही, खोलीला रंग लावायचा नाही, उच्चारही शक्यतो करायचा नाही. त्यामुळे दोघं घरं दाखवणाऱ्या दलालाला सांगायचे, "एक जादा खोली हवी."

"जादा कशासाठी?" तो विचारायचा.

"सायकली ठेवायला," ब्राम गंभीरपणे सांगायचा. दोन घरं बघून झाल्यावर दलाल म्हणाला, "साहेब, तुमच्या सायकलींना ऊन येणारी खिडकी का लागते?"

पहिलं घर सेल्माच्याच वस्तीतलं. खाली आपल्या माणसाचं मटणाचं दुकान, कोपऱ्यावर बोलस म्हणजे आल्याच्या पाकातले गोड पाव मिळणारी बेकरी, शनिवारी प्रार्थनेला चालत जाता येईल इतकं सगळं जवळ. समोरच्या दारातल्या बाईंनी दोघांना आत बोलावून कॉफी पाजली. एल्कानच्या आजीचं माहेरचं नाव त्यांना ठाऊक निघालं. मग कप उचलता उचलता त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं मावसभाऊ का?"

"नवरा-नवरा," ब्राम म्हणाला.

बाई जराही चमकल्या नाहीत. उलट जादा खोली कशासाठी ते ओळखून, आवाज मऊ करून म्हणाल्या, "हे बघा, आपलेच आहात म्हणून सांगते. घरात काय ते तुमचं तुम्ही. शाळेच्या फाटकाशी दोघांनी एकदम येऊ नका, एवढंच. एकाने यावं. लोक विचारत नाहीत मग."

दुसरं घर पाण्याकाठच्या नव्या वस्तीत. खिडकीखिडकीत सप्तरंगी झेंडे. शेजारी दोन बायका, त्यांना जुळी मुलं. ब्रामने कॉफीवाल्या बाईंची फाटकाची गोष्ट सांगितली, तशी त्यांनी त्याला मिठीच मारली. "या, या! इथे कुणाच्या बापाला भ्यायचं नाही. शाळेच्या फाटकाशी आपण चौघं मिळून जाऊ, नाचत जाऊ." मग दोघींपैकी उंच होती तिची नजर एल्कानच्या गळ्यातल्या सहा टोकांच्या चांदीच्या ताऱ्यावर गेली. "फक्त तुम्ही लोक दारावर लावता ना ते... ते आतल्या बाजूला लावाल? राग मानू नका. बातम्या बघता ना हल्ली? आमचीही लहान मुलं आहेत."

ट्रामच्या थांब्यावर बोचऱ्या वाऱ्यात दोघं उभे राहिले. ब्राम म्हणाला, "बायका चांगल्या होत्या रे."

"कॉफीवालीही चांगलीच होती." एल्कानने टोपी कानांवर ओढली. "सगळेच चांगले. एकीला माझी ही बाजू हवी, दुसरीला ती. मी काय पाव आहे, मधून कापून द्यायला?"

शुक्रवारी सेल्माकडे जेवताना तो विषय निघालाच. सेल्मा पंचाहत्तरीची, चणीने बारीक, जिभेने तिखट. तिची स्वतःची मेझुझा दाराच्या आत, कोटांच्या मागे. तिच्या वडिलांनी लपून जीव वाचवला होता आणि परत आल्यावर डबी आत ठोकली होती. ती तिथेच राहिली.

"माझ्या शेजारचं घर घ्या," तिने सूप वाढत सांगितलं. "फाटकाशी एकेकाने गेलं म्हणून पाय झडत नाहीत."

"आणि ते मोठं होऊन विचारेल, माझा दुसरा बाप घरी लपून का बसतो, तेव्हा?" एल्कान म्हणाला.

"ते म्हणू नकोस! अजून यायचंय ते." सेल्माने टेबलाच्या लाकडाला हात लावला. "शूरपणा तुझा रे बाबा. दगड कुणाच्या खिडकीतून येईल?"

एल्कानने सूपात पाव बुडवला. तो रात्रभर तळमळला वगैरे नाही, झोपला. पण सकाळी दाढी करताना तेच वाक्य आरशात उभं होतं.

महिनाअखेरीला नऊ दिवस राहिले असताना तिसरं घर दिसलं. नद्यांची नावं असलेल्या गल्ल्यांपैकी एक, दुसरा मजला, मागे बाग, जादा खोलीला पूर्वेची खिडकी. मालक तळमजल्यावर राहायचे. हेर्मन टेर होर्स्ट, ऐंशीच्या घरातले, ताठ, चपला घासत चालणारे. दोघांचं नातं ऐकून म्हणाले, "मला काय त्याचं. वर माझ्या भाचीने दोन वर्षं ढोल वाजवले आहेत. तुम्ही ढोल वाजवता?"

"नाही."

"मग घ्या."

ब्रामचा चेहरा उजळला. एल्कानचा अंगठा तेवढ्यात चौकटीवर फिरत होता. खांद्याच्या उंचीवर तो थांबला.

"आम्ही इथे बाहेर मेझुझा लावू," तो म्हणाला.

हेर्मन खोकले. "आत लावा की. माझी ना नाही. पण बाहेर काही नको. जिन्यावर पाच कुटुंबं राहतात."

"बाहेर."

"एल्कान," ब्राम हळूच म्हणाला. "नऊ दिवस."

"ठाऊक आहे."

"मिर्यामला काय सांगू? सायकली रस्त्यावर ठेवणार म्हणून?"

एल्कानने त्याच्याकडे पाहिलं. ब्रामच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. एक क्षण त्याला वाटलं, लावू आत. कोटांमागे. मग कुणीतरी कधीतरी विचारेल, ही डबी इथे का, आणि आपण सांगू, ब्रामच्या आजोबांपासून अशीच. त्याने खिशातून पातं काढलं.

"परवानगी आहे? दुरुस्त मीच करून देईन."

हेर्मन काही बोलायच्या आत त्याने अंगठ्याएवढी रुंद, वीतभर लांब पट्टी खरवडली. पांढरा गेला, खाली हिरवा, खाली तपकिरी, मग दुधाळ, मग उघडं लाकूड. एक भोक. चार बोटं खाली, जरा बाहेरच्या अंगाला, दुसरं.

हेर्मन वाकून बघत राहिले. "कीड आहे ती," शेवटी म्हणाले. "माझे वडील सांगायचे, या चौकटीला कीड लागली होती."

"कीड तिरकी रेघ धरून चालत नाही, साहेब. आमच्यात दोन पंडितांचं भांडण झालं होतं. एक म्हणे डबी उभी ठोकायची, दुसरा म्हणे आडवी. मिटलं नाही, म्हणून आम्ही तिरकी ठोकतो." एल्कानचा आवाज शांत होता. "वडिलांनी घर केव्हा घेतलं?"

जिन्यात वरून कुणाचा तरी रेडिओ ऐकू येत होता.

"सेहेचाळीसला," हेर्मन म्हणाले. मग चौकटीकडे बघत, "स्वस्तात."

एल्कानने पातं मिटलं. "मी नवीन काही मागत नाही. ही भोकं तुमच्या नियमाच्या आधीची आहेत. बाहेर लागत असेल तर घर घेतो. नाहीतर राम राम." आणि तो खरोखरच जिना उतरू लागला. ब्रामने डोळे मिटले, उघडले, आणि तोही त्याच्या मागे निघाला.

अर्ध्या जिन्यावर हाक आली. "अहो रंगारी! काच फुटली तर मी भरून देणार नाही."

"काच मी बसवीन," एल्कान खालूनच म्हणाला. "चौकटही मीच रंगवीन."

"आणि ढोल नाही."

"सहा-सात वर्षांनी बघू," ब्राम म्हणाला, आणि जीभ चावली.

रविवारी ते राहायला आले तेव्हा सेल्मा आधीच जिन्यावर उभी होती, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. तिने जादा खोलीत डोकावून भिंती कोऱ्या आहेत ना, याची खात्री करून घेतली. मग रुमाल उघडला. तिच्या वडिलांची डबी, जस्ताची, एका कोपऱ्यात पोचा.

"आत ठेवून ठेवून काळी पडली होती," ती म्हणाली. "लिंबाने घासली. माझ्या दाराला नवी घेईन."

"आत लावणार की बाहेर?" ब्रामने विचारलं.

"तू गप्प बस." मग एल्कानकडे वळून, "मी भ्यायचं सोडलेलं नाही हं. भीतभीतच आणलीय."

"भीतभीत चालेल, सेल्मा. मी ठोकतो. तुम्ही प्रार्थना म्हणा."

मिर्याम जिन्याच्या पायरीवर पाय पसरून बसली होती. तिसऱ्या मजल्यावरची बाई पिशव्या घेऊन वर येताना थबकली, बघितलं, आणि "जरा सरका" म्हणून निघून गेली. हेर्मन आपल्या दारात उभे होते. वर आले नाहीत, दारही लावलं नाही.

सेल्माने प्रार्थना म्हटली, पहिल्यांदा पुटपुटत, मग जिन्यात घुमेल अशी. वरचा खिळा जुन्या भोकात अचूक बसला. खालचा बसेना. सेल्माच्या वडिलांची डबी जरा आखूड होती. एल्कानने नवं भोक पाडलं आणि दुसरा खिळा ठोकला. हातोडीचा आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला असावा. जाऊ दे.

संध्याकाळच्या आत त्याने चौकटीला पॉलिशकागद मारला आणि पांढऱ्याचा पहिला हात दिला. डबीखाली एक जुनं भोक रिकामं राहिलं होतं. मिर्यामने विचारलं, "हे बुजवायचं नाही?"

"नाही," एल्कान म्हणाला, आणि ब्रश त्याच्यावरून हलकेच फिरवला.