खर्जाच्या रांगेतला हात

भिलाईत दर जानेवारीत तीन दिवस समूहगानाचा महोत्सव भरतो. पाचशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत, चार आवाजांत, पेटी-तबल्याशिवाय. आणि दरवर्षी एक अगदी नवी रचना, कुणा संगीतकाराकडून खास करवून घेतलेली. तिथे गाणाऱ्या वृंदात खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या आवाजाच्या, रांगेत मी नऊ वर्षं उभा आहे. त्यातली शेवटची सहा मी नुसते ओठ हलवले.

मी इथल्या पोलाद कारखान्यात, रेल मिलमध्ये पर्मनंट. माझा मित्र खुर्सीपार वस्तीतला, त्याच मिलमध्ये ठेक्यावरचा कंत्राटी कामगार. दोघंही विदर्भातून आलेल्या घरांतले, विहारात वंदना म्हणत वाढलेले. वृंदाचे सर म्हणजे रिटायर झालेले एक केरळी इंजिनियर. त्यांना जाड आवाजाची माणसं हवी होती. धर्म त्यांनी विचारला नाही. देव सोडलेल्या घरांतली आम्ही दोन माणसं लॅटिनमध्ये देवाकडे दया मागू लागलो. अर्थ कळत नव्हता, त्यामुळे अडचण आली नाही.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारच्या तालमीत सर मध्येच थांबले. "बेस में कौन नीचे जा रहा है?"

सुराच्या खाली जात होतो मी. मला पक्कं कळलं होतं. पण हात वर गेला मित्राचा. ठेक्यावरच्या माणसाला सवयच असते, वरच्या माणसाने "कोण?" म्हटलं की आपणच असणार. सर नरमाईने म्हणाले, "इस साल आप सुनिए, अगले साल देखेंगे." मी मान खाली घालून पान उलटलं. ते पुढचं साल काही आलं नाही.

पकडले जाऊ या भीतीने मी त्या दिवसापासून गाणंच बंद केलं. महोत्सव झाल्यावर सर म्हणाले, खर्ज इतका शुद्ध कधीच लागला नव्हता.

मित्र दरवर्षी ऐकायला यायचा, मागच्या खुर्चीवर बसायचा. "भाऊ, तुमचा आवाज कसा मिसळून जाते ना सगळ्यायच्यात! वेगळा ऐकूच येत नाही."

यंदाच्या नव्या रचनेत खर्जाचे चौघे एकामागून एक एकटे गातात. माझं मन जागं झालं, असं लिहायला आवडलं असतं. कागद हातात पडला आणि मला घाम फुटला, एवढंच. सरांना खरं सांगितलं. चष्मा पुसून ते म्हणाले, "उनको ले आइए."

मित्राला चहाच्या टपरीवर गाठून सगळं सांगितलं. त्याने ग्लास खाली ठेवला.

"मले कावून सांगून राहिले? घरी चाला. माह्या बायकोसमोर बोला."

"तिले काहाले, गड्या?"

"सहा वर्षं झाले, मी विहारात बी तोंड उघडत नाही. वंदना बी मनातल्या मनात. तिले वाटते, आपला माणूस बेसूर हाय."

हे मला ठाऊक नव्हतं. विहारात मी त्याच्या शेजारीच बसत आलो होतो.

त्याची बायको तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे भाऊजी, सहा वर्षं मी यायले चूप बसा म्हणून राहिली, अन् बेसूर तुमी?"

"हो."

"मंग गाऊन दाखवा. आयकू तरी द्या, बेसूर कसं असते."

सुटका नव्हती. सहा वर्षांपूर्वी सर जिथे थांबले होते, त्याच ओळीचा मी सूर लावला. जिथे घसरायचा तिथेच तो घसरला. ती पदर तोंडाला लावून हसली. मित्र भिंतीकडे बघत होता.

"वरतं घ्या, भाऊ," तो म्हणाला. "अजून वरतं. असं नाही." आणि सूर दाखवायला त्याने स्वतःच तोंड उघडलं.

मी थांबलो. तो थांबला नाही. त्या परक्या भाषेतला एकही शब्द तो विसरला नव्हता. त्याच्या बायकोचं हसू कधी बंद झालं, ते मला कळलं नाही.