साहेबांच्या पोटाची घोषणा

बस स्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या बाईंना सगळे पुकारेबाई म्हणत. आवाज असा, की बाकावर घोरणारा प्रवासीही पिशवी चाचपत उठून बसायचा. पण बाईंचा खरा जीव गाड्यांत नव्हता, चूर्णांत होता. पर्समध्ये कंगवा सापडायचा नाही, पण सुंठ, ओवा, बाळहिरडा, त्रिफळा, सगळं पुड्या बांधून हजर. कुणी नुसतं खाकरलं तरी त्यांचा हात पर्सकडे जाई. चालक, वाहक, झाडूवाल्या मावशी, कुणीच त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं.

सुटले होते ते फक्त स्थानकप्रमुख. साहेब भलतेच कडक. हसले तर पगार कापला जाईल असा चेहरा. त्या दिवशी मात्र ते स्वतःहून बाईंच्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि उगाच पंख्याची चौकशी करत घुटमळले. शेवटी अगदी कानाशी येऊन पुटपुटले, की पोट काही केल्या साफ होत नाही. हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

साहेब अवचित आल्याच्या गडबडीत माईक बंद करायचा राहिला होता. साहेबांची कुजबुज त्यात शिरली नाही. बाईंचा आवाज मात्र शिरला.

"त्रिफळा घ्या, साहेब. झोपताना, कोमट पाण्यातून. आणि तासन्‌तास कुंथत बसू नका, मूळव्याध होईल."

सगळ्या फलाटांवर हे खणखणीत ऐकू गेलं. सुटायच्या बेतातल्या गाडीच्या चालकाने इंजिन बंद केलं.

साहेब बाहेर आले तेव्हा अख्खं स्थानक त्यांच्याकडे अपार मायेने बघत होतं. एका आजींनी त्यांचा दंड धरून एरंडेल सुचवलं. शेजारचे आजोबा म्हणाले, छे, इसबगोल. दोघांची अशी जुंपली, की दोघांचीही गाडी निघून गेली.

साहेबांनी तडकाफडकी बाईंना हरवलेल्या सामानाच्या खोलीत पाठवलं आणि त्यांच्या जागी एक मवाळ कारकून बसवला. तो इतका तोंडातल्या तोंडात बोलायचा, की लोक भलत्याच गाडीत चढू लागले. एक नवरदेव तर दुसऱ्याच गावात जाऊन उतरला. इकडे बाई बेवारस छत्र्यांच्या सोबतीने हिरमुसून बसल्या. आपल्या जिभेचा त्यांना जन्मात पहिल्यांदा राग आला.

मग एका सकाळी साहेब दारात उभे राहिले. चेहऱ्यावर तजेला, पण नजर जमिनीवर.

"उद्यापासून गाड्या तुम्हीच पुकारा," ते म्हणाले. जाता जाता वळले. "आणि ते त्रिफळा... मी आणलेलं संपत आलंय."

बाईंनी काही न बोलता पुडी पुढे केली. न बोलणं त्यांना फार जड गेलं.

काही दिवसांनी साहेबांच्या पत्नी बाईंना शोधत आल्या. इतकी वर्षं हा माणूस सकाळी घुम्यासारखा बसायचा, त्या सांगू लागल्या. आता दाढी करताना गातो, तेही वरच्या पट्टीत. शेजारी दारं लावून घेतात.

"त्यावर काही आहे का हो तुमच्याकडे?"

बाईंनी पर्स उघडली, सगळ्या पुड्या वरखाली केल्या, बराच विचार केला.

"कापूस आहे," त्या म्हणाल्या आणि दोन बोळे काढून दिले.