चौदा तारीख मीच सांगितली होती

ताईने मे महिन्यात फोन करून विचारलं, "यंदा दीक्षाभूमीचा दिवस कधी आहे गं? तिकीट काढतेय." मी एका पुस्तिकेची प्रुफं तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "चौदा ऑक्टोबर. हे काय विचारणं झालं? इतिहासाच्या तारखा बदलत नसतात."

तेव्हा ते वाक्य मला फार आवडलं होतं.

आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तो दिवस चौदा ऑक्टोबरचा. त्या वर्षी त्याच दिवशी दसऱ्याची दशमी होती. तेव्हापासून नागपुरात लोक जमतात ते दशमीला, आणि दशमी दरवर्षी पुढेमागे सरकते. माझं म्हणणं, ज्यांनी पंचांग टाकून दिलं त्यांनी तिथी का पाळावी? कॉलेजात असताना यावर मी चार पानी पत्रक लिहिलं होतं. बाबांनी ते छापून आणलं, स्वतः घड्या घातल्या, आणि वर म्हणाले, "मुद्दा सोळा आणे बरोबर आहे. पण लोकं दशमीले येतात, म्हणून आपलं दुकान दशमीले लागंल." त्यामुळे आमच्या घरात दोन्ही दिवस चालतात. चौदाला घरी वंदना आणि खीर, दशमीला पुस्तिकांचं दुकान. घरातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पण ताईला कॅनडात जाऊन आठ वर्षं झाली होती. तिकडे ना दसऱ्याची सुट्टी, ना रस्त्यावर निळे झेंडे. तिने मला साधी माहिती विचारली होती आणि मी तिला माझी भूमिका सांगितली. त्यावरून तिने सहा ऑक्टोबरला येऊन एकोणीसला परत जायचं तिकीट काढलं. त्या वर्षी दशमी चोवीसला होती.

आमचं दुकान म्हणजे दोन टेबलं, वर एक ताडपत्री आणि सुतळीने बांधलेले पुस्तिकांचे गठ्ठे. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. चुकलेली पानं घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघी बहिणी शाळेचा अभ्यास करायचो. अभ्यास कमी आणि मागची बाजू जास्त वाचली जायची. जात कशी टिकते, मजुरी कोण ठरवतं, देव कुणी केला, हे मी पाढ्यांच्या आधी वाचलं. ताईनेही तेच वाचलं. पण ती वाचून गप्प बसायची आणि मी वाचून भांडायला निघायचे.

दशमीच्या दुकानात तिचं एक खास काम होतं. रेल्वेने, एसटीने, ट्रॅक्टरमधून बायका यायच्या. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नसायची, तरी पुस्तिका घेतल्याशिवाय त्या जायच्या नाहीत, घरी नातू वाचून दाखवेल म्हणून. कुठली घ्यावी हे कळावं यासाठी ताई त्यांना पहिलं पान वाचून दाखवायची. ती वाचायला लागली की बायका खालीच बसायच्या. चपला काढून, पोरं मांडीवर घेऊन. पान संपलं की एखादी म्हणायची, "अजून एक वाच वं माय." ताई कॅनडाला गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. मी वाचते तेव्हा बायका उभ्याच राहतात. आई म्हणते, "तू वाचत नाही, भाषण ठोकते."

ताई आली. तिसऱ्या दिवशी बाबा माळ्यावरून ताडपत्री काढायला स्टुलावर चढले आणि वरूनच म्हणाले, "चोवीसले आपण पहाटे पाचले निघू. मोठी, तू माह्यासंगं पहिल्या ऑटोत."

"चोवीस?" ताई म्हणाली. "बाबा, मी एकोणीसला जातेय."

बाबा ताडपत्री हातात धरून स्टुलावरच उभे राहिले. "एकोणीसले? मंग दशमी?"

"दशमी चौदाला ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं. आई पाटवडीसाठी बेसन घोटत होती, तिचा हात थांबला नाही. "साऱ्या दुनियेले पत्रकं वाटते," ती म्हणाली, "अन् घरच्याच पोरीले चुकीचं पत्रक देलं."

ताई हसली. मीही हसले असते, पण बाबा हसले नाहीत. ते हळूहळू खाली उतरले आणि ताडपत्रीवरची धूळ झटकत बसले. ती झटकून झाली तरी झटकत राहिले.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की तारीख बदलून आणते. ताईच्या तिकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, तारीख बदलल्यास दंड नाही. मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग वेबसाइट उघडून एकोणीसच्या जागी पंचवीस टाकले, आणि जी रक्कम समोर आली ती येण्याजाण्याच्या अख्ख्या तिकिटाच्या पाऊणपट होती. मी पुन्हा टाकले. तेवढीच. मी विमान कंपनीला फोन लावला, गाणी ऐकली, आणि शेवटी जी मुलगी बोलायला आली तिला विचारलं की दंड नाही असं लिहून दंड कसा घेता. ती नम्रपणे म्हणाली, "मॅडम, दंड शून्यच आहे. हा भाड्यातला फरक आहे." मी तिला फसवणूक या विषयावर बरंच ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आणखी काही मदत करू का म्हणून विचारलं. फोन ठेवल्यावर मला लाज वाटली. ते भाडं तिने ठरवलं नव्हतं.

आमच्या नंदनवन वस्तीत एका काकांचं तिकिटांचं दुकान आहे. लक्झरी बस, रेल्वे, विमान, सगळंच. तिकीट त्यांच्याकडून काढलेलं नव्हतं, तरी त्यांनी मला बसवलं आणि मोबाइल दूर धरून वाचायला लागले.

"हे अक्षर पाह्यलं का?" तिकिटाच्या कोपऱ्यातल्या एकट्या अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं. "विमान एक, खुर्च्या एकसारख्या, जेवणाचा डबा एकच. पण विकताना त्या खुर्च्यांचे गट पाडतात. हा स्वस्त गट, हा त्याच्यावरचा, हा त्याच्याही वरचा. एका रांगेत बसलेल्या दोघांचं अक्षर येगळं असते, भाडं येगळं असते. तुह्या बहिणीचं सगळ्यात खालचं."

"म्हणजे उतरंडच की."

"तुले लवकर समजलं," ते हसले. "आता पंचवीसले खालच्या गटाच्या खुर्च्या संपल्या. वरच्या गटातली घ्या, तिचं भाडं अन् जुन्या तिकिटाचं भाडं यातला फरक भरा. दंड नाही म्हणतात ते खरं आहे बेटा. फरक आहे, हे ते जोरानं म्हणत नाहीत."

पत्रकात आम्हीही मोठी ओळ आधी लिहितो. पण आमच्या बारीक ओळी मोठ्या ओळीला खोटं पाडत नाहीत. हे मी त्यांना सुनावलं. ते म्हणाले, "मले काहून सांगते, मी का विमान उडवतो?" आणि चहा मागवला.

मग माझ्या डोक्यात एकेक युक्ती येत गेली. नागपूर ते मुंबईचं विमान सोडून द्यायचं, ताईला दशमीनंतर रेल्वेने मुंबईला पाठवायचं आणि फक्त पुढचं विमान बदलायचं. काकांनी कपाळाला हात लावला. "अशी चूक करू नको. परतीचा पहिला तुकडा न सांगता सोडला की पुढचं सारंच रद्द होते. मुंबईत उभी राहीन अन् हाती काहीच नाही." मी विचारलं, एक-दोन दिवस इकडेतिकडे? त्यांनी पाहिलं. एकवीसला फरक अगदी थोडा होता, बावीसलाही. तेवीसपासून आकडे एकदम चढत होते.

"घरात कोणी बिमार असलं तर कधीकधी ऐकतात," काका म्हणाले. "डॉक्टरची चिठ्ठी लागते. बाबांचं वय झालंच आहे."

मी खरं सांगते, मी ती चिठ्ठी मनात लिहूनही टाकली. बाबांना रक्तदाब आहे. डॉक्टर ओळखीचे. सत्याचा आग्रह धरणाऱ्या पुस्तिका विकून मोठी झालेली मी संध्याकाळी बाबांसमोर बसून ही चिठ्ठी कशी गैर नाही ते समजावू लागले. कंपनी फसवते, मग आपण का नाही. बाबांनी पूर्ण ऐकलं.

"मी ठणठणीत आहो," ते म्हणाले. "माह्या बिमारीच्या नावानं पोरगी थांबवू? काहून वं, इतका गरीब आहो का मी?"

त्यानंतर मी चार दिवस रोज काकांच्या दुकानात जाऊन बसले. घरी ताई होती. आठ वर्षांनी आलेली ताई सकाळी ओट्यावर आईसोबत बसून भिवापुरी मिरच्यांचे देठ काढत होती, शिंकत होती, माझी वाट पाहत होती, आणि मी तिला थांबवण्यासाठी रोज दुपार बाहेर घालवत होते. चौदाला खीर झाली. आजोबांच्या फोटोसमोर एरवी आम्ही तिघं असायचो, यंदा चौघं उभे राहिलो. ताईचा आवाज वंदनेत सगळ्यात खालच्या पट्टीत असतो. आठ वर्षं त्या जागी काही नव्हतं, हे मला तो ऐकल्यावर कळलं.

सोळाला काकांचा फोन आला. सत्तावीसला दिल्लीवरून जाणाऱ्या विमानात खालच्या गटातली एक खुर्ची सुटली होती. दिल्लीत अकरा तास थांबावं लागणार होतं, पण फरक एवढा कमी की माझ्या पुस्तिकेच्या छपाईसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत भागणार होतं. मी धावतच घरी आले. ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"मिळालं! सत्तावीस. दशमी धरून वर तीन दिवस. आत्ता बदलायचं, नाहीतर जाईल."

तिने बाबांचा सदरा दोरीवर टाकला, बाह्या सरळ केल्या, चिमटे लावले.

"नको," ती म्हणाली.

"पैसे मी भरतेय."

"पैशांचं नाही गं." दुसरा सदरा उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच बोलली. "एकोणीस मला बरी वाटायला लागलीय. तिकडे माझं काम आहे, खोली आहे. इथे आठ दिवस झाले की मला माझ्या खोलीची आठवण येते. मला वाटलं होतं, येणार नाही."

कंपनीसाठी माझ्याकडे शब्दांचा ढीग होता. भाड्याचे गट, बारीक ओळी, नफा, यांवर मी आठ पानं लिहू शकले असते. पण ती जायला निघालीय ती तिकिटामुळे नाही, हे कुठल्याच कलमात बसत नव्हतं. मी म्हणाले, "बाबांना काय सांगू?"

"मी सांगते."

तिने जेवताना सांगितलं. आईने तिच्या ताटात आणखी रस्सा वाढला. बाबांनी भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. "तिकीट तिचं आहे," ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "तारीख बी तिचीच राहीन." मग ताईला म्हणाले, "थंडी पडली का तिकडे?" ती म्हणाली, "पडायला लागली." बाकीचं जेवण कॅनडाच्या थंडीवर झालं.

उरलेल्या दोन दिवसांत मी कुठे गेले नाही. मीही देठ काढले, मीही शिंकले. एकोणीसला विमानतळाच्या काचेच्या दारापाशी तिने मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "पुढच्या वेळी तिथी सांग हं." मी म्हणाले, "दोन्ही सांगेन. पण बरोबर तारीखच आहे." ती हसत आत गेली. दारात उभ्या असलेल्या जवानाने तिचं तिकीट पाहिलं, तिचा चेहरा पाहिला आणि तिला सोडलं. त्याला एवढंच पाहायचं होतं.

चोवीसला आम्ही तिघं पहाटे निघालो. आठ वाजेपर्यंत ताडपत्रीखाली पाय ठेवायला जागा नव्हती. मी दिवसभर वाचत होते. घसा बसला आणि दुपारनंतर आवाज इतका खाली गेला की ऐकण्यासाठी काही बायका जवळ सरकल्या. दोघीतिघी बसल्यादेखील. आई पाण्याची कळशी घेऊन जाता जाता थबकली आणि तिने बाबांना कोपराने ढोसलं. ते ताईला सांगावं असं मला वाटलं.

संध्याकाळी तिचाच फोन आला. तिकडे सकाळ होती, ती बसने कामावर चालली होती. गर्दी किती, यवतमाळचे आले का, ऊन कुठल्या बाजूला होतं, आईचे पाय सुजले का. मी बसक्या आवाजात एकेक सांगत गेले. पुस्तिका किती उरल्या हे तिने विचारलं नाही. बायका बसल्या का, हे विचारलं.

"तीन," मी म्हणाले.

"अगं!" ती म्हणाली. "थांब, माझा स्टॉप आला. ठेवते."

बाबा गठ्ठ्याला सुतळी आवळत होते. "काय म्हणे?"

"उतरली," मी म्हणाले.

त्यांनी गाठ मारली आणि दुसरा गठ्ठा ओढला. मी टेबलाचं दुसरं टोक धरायला गेले.