निपाणीचा हिरवा, शहापूरचा काळा

माझ्या नातींना वाटतं, आजी लहानपणापासूनच शहाणी होती. त्यांचा हा गैरसमज मी पुष्कळ वर्षं जपला. आता लिहायलाच बसले आहे तर सांगून टाकते. पंधराव्या वर्षी माझ्याइतकी येडपट सून अख्ख्या निपाणीत नव्हती, आणि माझी स्वतःची पक्की समजूत अशी की गावात शहाणी तेवढी मीच.

माहेर माझं बेळगावच्या शहापुरातलं. घरात माग. वडील लुगडी विणायचे, आई कांड्या भरायची, आणि मी मराठी चौथी झाल्याच्या तोऱ्यात दोघांच्या मध्ये लुडबुडायची. सासर मिळालं निपाणीचं, तंबाखूवाल्यांचं. पहिले आठ दिवस त्या वासानं मी नुसती शिंकत होते. डोळे वाहायचे, नाक लाल व्हायचं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, वाटलं की पोर माहेरच्या आठवणीनं रडते आहे. त्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. नवव्या दिवशी शिंका थांबल्या, तर मी पदराचं टोक नाकात घालून शिंक काढली. अशी मी हुशार.

मामंजी, म्हणजे सासरे, मनानं फार चांगले. पण एका बाबतीत हटवादी. सुनेनं माहेरी लिहिलेलं पत्र म्हणजे घराचं पत्र, आणि ते घरच्या कर्त्या माणसानं वाचूनच पाकिटात जायचं. पहिल्याच पत्राच्या वेळी त्यांनी दौत माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "लिवा, खुशाल लिवा. फकस्त हितल्या चहाड्या तिकडं जायला न्हाईत. एक जरी गेली, तर ही दौत माळ्यावर जाईल."

माझ्यासारख्या बडबडीला ही धमकी म्हणजे जेवण बंद करण्यासारखीच. आईशी बोलायचं दुसरं साधनच नव्हतं. दौत माळ्यावर गेली असती तर मी आठवड्याभरात फुटले असते.

आईनं मात्र हे सगळं लग्नाआधीच ओळखलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं. माझी पत्रं शेजारचे म्हातारे मास्तर वाचून दाखवणार आणि उत्तरंही तेच लिहिणार, हे ठरलेलं. पाठवणीच्या आदल्या दिवशी ती मला मागाच्या खोलीत घेऊन गेली.

"तिकडं तुझा सासरा वाचणार, हिकडं मास्तर वाचणार," ती म्हणाली. "मग माझं पत्र कुटलं गं?"

लुगडं मागावरून उतरलं की शेवटाला दोऱ्यांच्या दशा उरतात. त्या तिनं रंगवार निवडून एका चिंधीत बांधल्या होत्या. पत्राचे कागद दोऱ्यानं टाचायचे. हिरवा दोरा म्हणजे सगळं बरं आहे. लाल म्हणजे बोलणी खाल्ली. पिवळा म्हणजे पोट भरत नाही. आणि काळा दोरा दाखवत ती थांबली. "हा उगंच वापरायचा न्हाय. हा आला की हातातलं काम टाकून मी तुला न्यायला येणार."

तर असं आमचं पत्र निघायचं. "तीर्थस्वरूप मातोश्रींचे सेवेशी साष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम आहे." मामंजी चष्मा लावून वाचायचे, मान डोलवायचे, एखादी वेलांटी दुरुस्त करायचे. मग मी दोन्ही कागद नीट जुळवून कोपऱ्यात दोन टाके घालायची. मामंजींना याचं केवढं कौतुक! पेढीवर सांगायचे, "आमच्या सूनबाई पत्र शिवून पाठवतात. एक कागद हिकडचा तिकडं व्हायचा न्हाय. टापटीप कशी असावी ते बघा."

या टापटिपीतून मी काय काय पाठवलं ते आता आठवलं तरी कान गरम होतात. आत्याबाईंनी माझ्या भाकरीला "ही भाकरी हाय का तळ्याचा काठ?" असं विचारलं, गेला लाल दोरा. दही जावेच्या वाटीत जास्त पडलं, गेला पिवळा. एकदा तर मला दुसरा लाडू हवा होता आणि मागायची लाज वाटली, म्हणून पिवळा पाठवला. तिकडं आई बिचारी समजणार की लेक उपाशी आहे, आणि इकडं माझ्या चोळीची बाही दंडात मावत नव्हती.

आईची उत्तरंही मास्तरांच्या टाकातून यायची. "अनेक उत्तम आशीर्वाद विशेष. वडिलधाऱ्यांच्या आज्ञेत असावे." आणि कोपऱ्यात पांढरा दोरा. दर वेळी पांढराच. पांढऱ्याचा अर्थ तिनं मला सांगितला नव्हता. मला वाटलं, घरात रंगीत सूत संपलं असेल, आणि मी त्या गरिबीवर दोन अश्रूही ढाळले. पंचमीला माहेरी गेल्यावर झोपाळ्यावर बसून विचारलं, तर म्हणाली, "पांढरा म्हंजे गप बस."

पंचमीहून परत आले आणि थंडीच्या तोंडाला तंबाखूचे शेंडे खुडायचे दिवस आले. रोपाचा शेंडा मोडला की पानं भरतात. खुडायला बायका लावलेल्या असत, पण मी हौसेनं आत्याबाईंबरोबर रानात गेले. ताज्या तंबाखूला चीक असतो. हाताला लागला की आधी हिरवट, मग तपकिरी, आणि दुपारपर्यंत डांबरासारखा काळा होतो. राख लावा, चिंच चोळा, तो आपल्या सवडीनं जातो.

त्या दिवशी बांधावर जेवताना मला काय लहर आली कुणास ठाऊक. मी मामंजींची नक्कल केली. भाकरीचा पापुद्रा कागदासारखा धरला, डोळ्यांवर बोटांचा चष्मा लावला आणि घोगऱ्या आवाजात वाचलं, "इकडील... सर्व... क्षेम... सूनबाई, ही वेलांटी पोटात का गेली?" आत्याबाईंनी आधी तोंडात पदर कोंबला. मग पदर सुटला, मग ठसका लागला, आणि शेवटी त्या बांधावर आडव्या होऊन हसायला लागल्या. मला त्यांची भीती वाटायची ती त्या बांधावरच राहिली.

घरी आले ती हवेत. हात धुतले, म्हणजे पाण्यात बुडवून काढले. मामंजी पाकीट घेऊन टपालाला निघायच्या तयारीत उभे. मी भराभर पत्र लिहिलं, त्यांनी वाचलं, आणि मी चिंधीतून छान हिरवागार दोरा काढला. लग्न झाल्यापासून एवढा खरा हिरवा मी कधी पाठवला नव्हता. विणकराच्या घरची सवय, दोरा ओवण्याआधी बोटांच्या चिमटीतून दोन-तीनदा ओढून ताठ करायचा. तसा ओढला, दोन टाके घातले, पाकीट दिलं आणि आत्याबाईंकडे बघून पुन्हा खुदकन हसले.

चिमटीत चीक होता, हे त्या हुशार मुलीच्या ध्यानात आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात बसलो होतो. दारात आई उभी. एकटी. शहापूरच्या बाहेर जिनं कधी एकटीनं पाऊल टाकलं नव्हतं, ती सर्व्हिस मोटरीत बसून आली होती, संकेश्वरला ओकली होती, आणि पदर डोक्यावर असला तरी केस चारी दिशांना गेले होते. मी आनंदानं "आई!" म्हणून दोन्ही हात पसरून धावले. तिला दिसले ते कोपरापर्यंत काळेनिळे हात.

"अगं माझ्या लेकी!" तिनं जो सूर लावला, तो शेजारच्या तीन घरांत पोचला. "काय मारलंय गं हे! हात काळं-निळं करून ठिवलेत माझ्या पोरीचं!"

"अवो ईनबाई," आत्याबाई उठून म्हणाल्या, "ती तंबाखू हाय."

"तंबाखूनं मारलं?"

"तंबाखू लागलीया हो हाताला. हे बघा, माझं पण तसंच." आत्याबाईंनी आपले हात पुढं केले. आईनं ते बघितले आणि घाबरून विचारलं, "तुमाला कुणी मारलं?"

मला हसू आवरेना. हसायची वेळ नव्हती हे मला कळत होतं, पण कळण्याचा आणि हसण्याचा माझ्यात कधीच फारसा संबंध नव्हता. आईनं माझं हसणं बघितलं, माझे गाल बघितले, बाहीत रुतलेला दंड बघितला, आणि तिचा चेहरा बदलला. कमरेच्या पिशवीतून तिनं पत्र काढलं. कोपऱ्यात काळाकुट्ट दोरा.

"मग हे काय हाय?"

माझं हसणं तिथंच वाळलं. कारण त्याच वेळी मामंजी पेढीवरून आले, वहाणा काढता काढता दारातच थांबले.

"ईनबाई? अशा अचानक? सगळं बरं हाय न्हवं?"

आईच्या हातात पत्र, माझ्या डोळ्यांसमोर माळा, आणि माळ्याच्या शिडीवरून वर चाललेली दौत. आईला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला लागली की ती उचक्या देते. तिनं तोंड उघडलं आणि पहिली उचकी आली.

"मी बोलावलंय," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी वळून बघितलं. "तू? कवा? पत्र कुणी लिवलं?"

"निरोपाला पत्र कशाला पायजे? शहापूरची माणसं बाजाराला येत्यात-जात्यात. पोरीचं हात बघा केवढं काळं झाल्यात, म्हटलं ह्यांच्याकडं सुताचा रंग काढायची काहीतरी युक्ती असंल."

"हाय का?" मामंजींनी आईला विचारलं.

आईनं उचकी दिली आणि मान हलवली. ती होय होती की नाही, ते आजवर मला कळलेलं नाही. मामंजी म्हणाले, "आधी पाणी द्या त्यांना, उचकी लागलीया," आणि आत गेले.

आत्याबाईंनी मग आईच्या हातातून पत्र घेतलं. उन्हात धरलं. नाकाशी नेलं. दोरा नखानं खरवडला, तर काळ्याच्या आतून हिरवा डोकावला.

"हा हिरवाच हाय," त्या म्हणाल्या. "बरं हाय, असं लिवलंय तिनं."

आईची उचकी एकदम थांबली.

"मला अक्षर येत न्हाय, डोळं हायत की," आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मी बोलली की लाल. दही कमी पडलं की पिवळा. वरीस झालं बघतीया. लाडवाच्या दिवशी पण पिवळा पाठवलास, सटवे. चार लाडू खाल्लं हुतंस."

"तीन," मी म्हणाले.

"चार."

आणि मग मला उलगडलं की लाल दोरा गेल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या भाकरीवर लोणी का असायचं. मी ते माझ्या गोड स्वभावाचं फळ समजत होते!

आईनं कपाळावर हात मारून घेतला. दोऱ्याला चीक लागलेला तिला ओळखू आला नाही, याचंच तिला जास्त लागलं होतं. "सांज झाली तरी हातानं रंग सांगणारी बाई मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "पाकीट उघडलं तवा दोन शिंका आल्या, तरी मला कळलं न्हाय!"

"तुमी सांगितलं का न्हाय त्यांना?" मी आत्याबाईंना विचारलं. "मामंजींना?"

त्या हाताचा चीक चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "माझी लेक खानापुरात दिलीया. चार वर्सं झाली, दर पत्रात सुखरूप. ह्यांनी वाचून दावलं की मी इचारती, आणि काय लिवलंय? म्हणत्यात, एवढंच." त्यांनी आईकडे बघितलं. "ईनबाई, मला दशा द्याल का?"

आईनं तिथंच बसून कमरेची पिशवी सोडली. विणकरणीच्या पिशवीत दशा असायच्याच.

दौत खालीच राहिली. उलट तिला काम वाढलं. कारण मामंजींनी पेढीवर इतकी वर्णनं केली होती की त्या हिवाळ्यात तंबाखूवाल्यांच्या बायका, सुना एकेक करून आमच्याकडे यायला लागल्या. "आमच्या ह्यांनी सांगितलंय, पत्र शिवायचं शिकून ये." मामंजी स्वतः त्यांना बसायला घोंगडं घालायचे, "शिका, शिका, टापटीप लई चांगली" म्हणायचे, आणि निघून जायचे. आत्याबाई दाराशी तांदूळ निवडत पहारा करायच्या. मी सोळाव्या वर्षाची गुरू, समोर माझ्या दुप्पट वयाच्या शिष्या. रंग पुरेनात. जांभळा म्हणजे जाऊ लावालावी करते, नारिंगी म्हणजे नणंद आली आहे आणि हलत नाही.

एक पोक्त बाई सगळं शिकून झाल्यावरही बसून राहिल्या. लाजत लाजत म्हणाल्या, "माझं मालक घोरत्यात. हे आईला कसं कळवू? ह्याला रंग कुटला?"

आमच्याकडे नव्हता. मी आईला लिहून विचारलं, आणि ती चिठ्ठी आत्याबाईंनी मामंजींच्या नकळत बाजाराला आलेल्या शहापूरच्या माणसाच्या हाती दिली. पुढच्या बाजाराला त्याच्याच हाती उत्तर आलं, आणि मास्तरांनी बिचाऱ्यांनी ते आपल्या शुद्ध, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "सदरहू गृहस्थ किती मोठ्याने घोरतात, ते सविस्तर कळवावे. त्यावर रंग ठरेल."